जुन्या गाडीतल्या दुसऱ्या इंजिनाला तपासणीची वाट हवी

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातले भाग आणि दुचाकीचे इंजिन जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, पण गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती अडवतील, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. किर्लोस्करवाडीचे पंप आणि साताऱ्याच्या कूपरची डिझेल इंजिने जिथे घडली, त्या भागात कौशल्याची वाण नाही. वाण आहे ती हे कौशल्य तपासून मान्य करणाऱ्या व्यवस्थेची. जुन्या, ऐटबाज गाडीचे इंजिन बदलू पाहणारा हौशी मालकही तिथेच अडतो.

कॉन्टेसाचे उदाहरण घ्या. 1984 मध्ये आलेल्या या गाडीला आरंभी दीड लिटरचे, जेमतेम 50 अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे खुद्द उत्पादक हिंदुस्थान मोटर्सने तिच्यात इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन बसवले. तो सांगाडा मोठे इंजिन पेलतो, हे उत्पादकानेच दाखवून दिले. तरीही जुन्या कॉन्टेसाच्या मालकाला तेच इंजिन बसवायचे म्हटले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. इंजिनाबाबत सवलत आहे ती मुख्यतः सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटपुरती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

या कडकपणामागची काळजी खरी आहे. इंजिन जड झाले की पुढच्या स्प्रिंगा दबतात. ताकद वाढली की जुना क्लच, प्रॉपेलर शाफ्ट आणि ब्रेक अपुरे पडतात. रेडिएटर लहान असेल तर पसरणी घाट चढताना इंजिन तापते, आणि ब्रेक जुनेच असतील तर उतारावर जीवाशी गाठ पडते. आधुनिक इंजिन प्रदूषण कमी करते, पण त्याचा संगणक, सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही सोबत बसवले तरच. चोरीचे इंजिन खपवले जाईल, ही शंकाही रास्त आहे. मात्र या साऱ्याचे उत्तर तपासणीत आहे. बंदीमुळे तेच काम चोरून होते, ब्रेक कोणी पाहत नाही, आरसीवर जुनाच इंजिन क्रमांक राहतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते.

जर्मनीत अधिकृत तज्ज्ञ अशी एकेक गाडी तपासतो आणि बदल कागदपत्रांत नोंदवला जातो. केंद्र सरकारने आपल्याकडेही अशी मर्यादित वाट काढावी. सुरुवात उत्पादकाने त्याच मॉडेलमध्ये वापरलेल्या इंजिनांपासून व्हावी. इंजिन नोंदणीकृत भंगार केंद्रातूनच, मूळ क्रमांकाच्या दाखल्यासह घेतलेले असावे; ब्रेक आणि धुराची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने करावी आणि मगच आरटीओने नोंद करावी. तोवर हौशी मालकांनी इंजिन बदलून गाडी रस्त्यावर आणू नये. कायदा बदलून घ्यायचा आग्रह मात्र सोडू नये.