पगारपत्रकातील दुष्काळ

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, मोडीतील दप्तरे डोळ्यांपुढे येतात. आजच्या थ्रेडमधील साधन अगदीच सामान्य आहे: कासारवाडीत राहून भोसरीच्या किंवा पिंपरीच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराचे पगारपत्रक. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर, रु. २००’ अशी एक ओळ असते. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. प्राप्तिकराचे धाकटे भावंड समजून बहुतेक जण ती ओलांडून जातात. ती ओळ १९७२च्या दुष्काळाची आहे.

त्या काळी पाऊस सलग काही वर्षे रुसला. मे १९७३मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. खायला सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो. घरातील वृद्धांना विचारून पाहा, त्या भाकरीची चव ते अजून विसरलेले नसतील. त्याच सुमारास आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही अवर्षण होते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा विलक्षण गोष्ट दिसली. दरडोई धान्य महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी होते. तरी साहेलमध्ये भूकबळींची रांग लागली आणि महाराष्ट्रात मोठा संहार टळला. गुरे मेली, माणसे खंगली, हे खरेच. परंतु हाती मजुरी होती, म्हणून जे थोडे धान्य होते ते गरिबालाही विकत घेता आले.

दुष्काळी कामे ही काही नवी कल्पना नव्हती. १८७६-७८च्या दुष्काळात इंग्रजांनीही ती काढली होती. पण सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्याविरुद्ध निवेदने धाडावी लागली. काम सरकारच्या मर्जीवर होते. मर्जीचे हक्कात रूपांतर व्हायला शंभर वर्षे लागली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रह धरलेली रोजगार हमी योजना १९७७च्या कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९पासून तो कायदा अमलात आला. खेड्यातील प्रौढाने काम मागितले की ते देणे शासनावर बंधनकारक झाले.

पैसा कोठून आणायचा? येथे आपले पगारपत्रक येते. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला तो मुख्यतः या हमीसाठी. नोकरदार आणि व्यावसायिकांनी जेवढे द्यायचे, तेवढीच भर शासनाने घालायची. एका बाजूला आकुर्डी-पिंपरीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला माण-आटपाडीचे कोरडे शिवार, आणि मध्ये हा दोनशे रुपयांचा पूल. मला यात दान दिसत नाही, करार दिसतो. या पट्ट्यातील कित्येक कामगार दुष्काळी तालुक्यांतूनच तर आलेले आहेत.

योजना निर्दोष नव्हती. खोटी हजेरीपत्रके, रखडलेली मजुरी, अर्धवट कामे हे सारे घडले. पाझर तलावाचे पाणी ज्याची जमीन त्याच्या विहिरीला लागले; भूमिहीनाला फक्त मजुरी मिळाली. तरीही उपाशी माणसाच्या हातून माती-पाणी अडवून घेणे ही कल्पना खोटी ठरली नाही. इथिओपियाने २००५पासून वारंवार अन्नटंचाई भोगणाऱ्या जिल्ह्यांत हेच केले: धान्य किंवा रोख मजुरी, आणि बदल्यात बांधबंदिस्ती. त्याच वर्षी भारतात केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला, मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला, आणि व्यवसाय कराचे मूळ हळूहळू विस्मरणात गेले असावे.

कासारवाडीच्या काठाने वाहणारी पवना दुसऱ्या हिशेबाची आठवण देते. धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्यास मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. शेतीचे पाणी शहराकडे वळते तेव्हा उलट दिशेने काय जाते, हा प्रश्न विचारणारे त्या दिवशी फार थोडे होते.

आता हा कर रद्दच करा, अशी मागणी अधूनमधून कानी येते. माझे मत नेमके उलट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. त्यानंतर पगार कितीतरी पटींनी वाढले, मर्यादा जागची हलली नाही. आज लाखो रुपये मिळवणारा व्यवस्थापक आणि यंत्रावर उभा असलेला कामगार सारखेच २,५०० भरतात. कामगाराचे तसेच ठेवून व्यवस्थापकाचे वाढवावे, आणि तो पैसा कोणत्या तालुक्यात कोणत्या बंधाऱ्यावर खर्च झाला हे दरवर्षी जाहीर करावे. त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती लागेल, हे मान्य. ती एकदा झालेली आहे.