पांढरे ठिगळ



गेल्या रविवारी मिस्सानंतर, विवाह ठरलेली आपल्यातील एक मुलगी मजकडे आली. बोलताना तोंडावरील पदर हटेना. समोरच्या दाताची कीड काढून तिने ती पोकळी दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरून घेतली होती. सायंकाळी दिव्याखाली काम ठीक भासले. सकाळी अंगणात आरसा धरला, तो दातावर पांढरे ठिगळ! "फादर, लग्नात मी हसू कशी?"

दोष कोणाचा हे शोधण्यापेक्षा असे का घडते हे जाणणे हिताचे. दात केवळ पांढरा नसतो. वरचे एनॅमल अर्धपारदर्शक असून त्यातून आतील पिवळसर थराची छटा उमटते. म्हणून हिरडीजवळ दात पिवळट, तर कडेला किंचित करडा दिसतो. शिवाय तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकतो व नेहमीपेक्षा पांढरा दिसू लागतो. त्या वेळी जुळविलेला रंग, दात पुन्हा ओला झाल्यावर, उठून दिसतो. दिव्याचा उजेडही फसवितो. दुकानातील दिव्याखाली साडीशी जुळलेले पोलक्याचे कापड उन्हात निराळे निघते, हा अनुभव कोणत्या भगिनीस नाही?

यास्तव दंतवैद्याकडे दिवसा जावे. ओठांची लाली पुसावी. काम सुरू होण्यापूर्वी, दात ओला असतानाच, खिडकीच्या उजेडात रंग पाहण्याची नम्र विनंती करावी. त्यांच्याकडे छटांची नमुनापट्टी असते. नेहमीच्या एका पट्टीत १६ छटा असतात. एकटक पाहू नये, डोळा शिणतो. पहिली नजरच बहुधा खरी. मसाल्याचा कण दातावर ठेवून, तो प्रकाशाने घट्ट करून पाहिल्यास अधिक खात्री पटते. सर्वांत पांढरी छटा मागू नये. शेजारच्या दाताशी जुळेल तीच मागावी.

त्या मुलीस मी सांगितले, "बाळ, दोन दिवस थांब. दात पुरता ओलावला की खरा रंग कळेल. फरक राहिला, तर वरचा थर काढून पुन्हा भरता येतो."

दातदुखीच्या आश्रयदात्या संत अपोलोनिया यांचा सण ९ फेब्रुवारीस येतो. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात छळ करणाऱ्यांनी त्यांचे दात पाडले. परंतु श्रद्धा ढळली नाही. दाताची निगा अवश्य राखावी. पण एका ठिगळापायी विवाहाच्या दिवशी मुखावरील आनंद झाकू नये. वधूला वर वचन देतो ते तिच्या दाताला नव्हे.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर असो.

तुमचा धर्मगुरू