एका घरात दोन चुली

आमच्या बाबांचा सांगलीत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल. त्यांचं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीचं, ३२ बिटचं. जुनं विंडोज बंद पडलं तेव्हा मी त्यांच्या मशीनवर डेबियन लिनक्स घालून दिलं आणि ते सॉफ्टवेअर 'वाइन'मधून चालू केलं. वीस वर्षांच्या पत्रिका त्याच्याच फॉन्टमध्ये आहेत. दुसरीकडे उघडल्या की मराठीऐवजी चिन्हांची खिचडी दिसते.

गेल्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मी इथे रेडिंगहून शनिवारी रात्री त्यांच्या मशीनवर अपडेट चालवलं. काढून टाकायच्या पॅकेजेसची भली मोठी यादी आली. न वाचताच 'हो' म्हटलं. सकाळी बाबांचा फोन.

"अरे, अक्षरंच गेली."

"बाबा, फायली आहेत हो. त्या उघडणारं सॉफ्टवेअर गेलंय."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू?"

चूक माझी होती. या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगतो. ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटचा प्रोग्राम चालतो, पण त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या मात्र ३२ बिटच्याच हव्यात. डेबियनने २०१३ च्या सातव्या आवृत्तीपासून 'मल्टीआर्क' नावाची सोय दिली: एका घरात दोन चुली. दोन्हींच्या लायब्ऱ्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, भांडणाचा प्रश्न नाही. अट एकच. एकाच लायब्ररीचे दोन्ही अवतार बसवायचे तर आवृत्ती तंतोतंत सारखी हवी, कारण माहितीपत्रकासारख्या काही फायली दोघांत सामायिक असतात. मी बाहेरच्या एका भांडारातून एक नवी लायब्ररी घेतली होती आणि तिथे फक्त ६४ बिटचीच होती. त्यामुळे ३२ बिटची जुळी बहीण बाहेर, तिच्यामागून वाइन बाहेर. पूर्ववत करायला माझा अख्खा रविवार गेला.

हे सगळं पाहून ऑफिसातले सहकारी म्हणतात, टाका ना ते ३२ बिट एकदाचं. तसे प्रयत्नही झाले. जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२ बिटची पॅकेजेस बंद करायचं जाहीर केलं. वाइन आणि गेम खेळणाऱ्यांनी गदारोळ केल्यावर काही दिवसांतच निवडक पॅकेजेस ठेवायचं ठरलं. २०२५ मध्ये फेडोरातही असाच प्रस्ताव आला आणि मागे घेतला गेला. दरवेळी ओरडले ते गेमवाले. छापखानेवाले ओरडत नाहीत, त्यांना हे चाललंय हेच कळत नाही.

मला डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत काढलेला मार्ग पटतो. ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी आता कर्नल नाही, इन्स्टॉलरही नाही. पण ६४ बिटच्या मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती ३२ बिटची पॅकेजेस ठेवली आहेत. यंत्र निवृत्त झालं तरी चालेल, माणसाचं काम निवृत्त करू नका. अर्थात हे फुकट होत नाही. प्रत्येक लायब्ररी दोनदा बांधायची, दोनदा तपासायची, सुरक्षेच्या दुरुस्त्या दोनदा. हे करणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत, आणि माझ्यासारखे पगारदार इंजिनिअर मात्र फुकट वापरून वर तक्रार करतात. गेल्या महिन्यापासून मी पुढच्या आवृत्तीतली ३२ बिटची पॅकेजेस घरच्या जुन्या लॅपटॉपवर तपासून बग कळवायला लागलोय. आतापर्यंत दोन कळवले. एक माझाच गैरसमज निघाला.

वाइनने २०२४ च्या ९.० आवृत्तीत नवी वाट काढलीय. ३२ बिटचे विंडोज प्रोग्राम लिनक्सच्या ३२ बिट लायब्ऱ्यांशिवायच चालवायची. ती पक्की झाली तर दुसऱ्या चुलीची गरजच उरणार नाही, आणि मग काढून टाकायला माझीही हरकत नाही. पण आधी जुनी कामं तिथे चालतात हे दाखवा, मग चूल विझवा. दिवाळीत सांगलीला जाईन तेव्हा बाबांच्या फायलींची प्रत घेऊन ते करून बघणार आहे. तोवर त्या मशीनच्या अपडेटला हात लावायचा नाही, असं आईने बजावलंय.