फसवणूक कसली?


यांत्रिक सील देणं म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांची फसवणूक, असं म्हणणारं पत्र वाचलं. ‘पारो’ हे यांत्रिक सील बनवणाऱ्या जपानच्या ताकानोरी शिबातांनी आधी यांत्रिक मांजरही करून पाहिलं होतं. खऱ्या मांजराशी तुलना होऊन लोक हिरमुसायचे. म्हणून ‘पारो’ सीलचं पिल्लू झालं. सील कोण पाळतंय! कुरवाळलं की ते मान हलवतं, डोळे मिटतं. अमेरिकेत २००९ पासून त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा आहे.

माझ्या सासूबाई उशी दुपट्यात गुंडाळून थोपटतात. ‘अहो, उशी आहे ती,’ असं मी एकदाच म्हणाले. रात्रभर बाळ शोधत होत्या.

‘पारो’ची किंमत हजारो डॉलर. पत्रलेखकांनी त्यावर तक्रार केली असती, तर खाली माझीही सही असती.

– एक वाचक, सांगली