उतरायचे कुठे?

दिवाळीच्या आठवड्यात चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली येतो आणि त्याच्याबरोबर सुटीचे बेतही. जायचे कुठे हे घरात पाच मिनिटांत ठरते. उतरायचे कुठे, यावर मात्र पाच दिवस खल चालतो. नवऱ्याला भाडे दिसते, बायकोला न्हाणीघर दिसते, मुलांना पोहण्याचा तलाव दिसतो, आणि म्हातारी माणसे एवढेच विचारतात, की जिने किती?

यंदा या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी दोन मी एकावर एक ठेवली आहेत. ठाण्याच्या एक भगिनी मे महिन्यात यजमान, दोन मुले आणि सासूबाई यांच्यासह पॅरिसला जाणार आहेत. त्यांच्या धाकट्या जावेचे म्हणणे असे, की साखळी-हॉटेलात उतरणे म्हणजे पॅरिसला जाऊन पॅरिस न पाहणे. तेव्हा काय करावे? दुसरे पत्र पुण्याच्या एका गृहस्थांचे. त्यांना याच दिवाळीत सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायचे आहेत. ते लिहितात, ‘काठावर एखाद्या नावाजलेल्या साखळीचे हॉटेल असल्यास कळवावे. अनोळखी घरी उतरणे आमच्या मंडळींना रुचत नाही.’

पॅरिसचे उत्तर सोपे आहे. बाईंनी खुशाल साखळी-हॉटेलात उतरावे आणि जाऊबाईंकडे लक्ष देऊ नये.

या साखळ्यांचा जन्मच मुळी एका संसारी माणसाच्या वैतागातून झाला. १९५१ साली अमेरिकेतल्या मेंफिस गावचे केमन्स विल्सन नावाचे गृहस्थ बायको आणि पाच मुले मोटारीत घालून वॉशिंग्टन पाहायला निघाले. वाटेत खोल्या कुठे कोंदट, कुठे गलिच्छ. आणि वर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा! घरी परतल्यावर त्यांनी १९५२ मध्ये मेंफिसलाच आपले पहिले ‘हॉलिडे इन’ उघडले. आईबापांच्या खोलीत झोपणाऱ्या मुलांना तिथे भाडे नव्हते. युरोपात हे लोण जरा उशिरा पोहोचले. फ्रान्समध्ये लील शहराजवळ पहिले ‘नोव्होटेल’ निघाले ते १९६७ साली, आणि बोर्दोला पहिले ‘आयबिस’ १९७४ साली. या दोन्ही पाट्या एकाच कंपनीच्या. पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची असाही प्रकार यात पुष्कळ असतो. पाटीवाला आपले नाव आणि नियमांचे बाड देतो, इमारतवाला त्याबरहुकूम चादरी अंथरतो. अशा ठिकाणी आपण पैसे मोजतो ते खोलीपेक्षा त्या बाडाचे. बिछाना अमुक जाडीचा, पाणी गरम, काउंटरवर रात्रीही कोणीतरी जागे, आणि इंग्रजीत निदान चार शब्द बोलणारे. ज्या शहरात आपले कोणी नाही आणि भाषाही आपली नाही, तिथे सासूबाईंना घेऊन उतरताना हे काही थोडे नव्हे.

मात्र बाईंनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. तिथल्या कित्येक खोल्या दोघांपुरत्याच असतात. पाच माणसे म्हटल्यावर दोन खोल्या घ्याव्या लागतील, तेव्हा त्या शेजारी-शेजारी मिळतील का? जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, आणि असल्यास कोणत्या मजल्यापर्यंत? मेट्रोचे स्टेशन किती पावलांवर? शहराचा मुक्काम-कर भाड्यात धरला आहे की वेगळा? पॅरिसात तो दर माणशी, दर रात्री पडतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना माफ असतो. आपले विमान सकाळी उतरले आणि खोली दुपारी मिळाली, तर सामान कुठे ठेवायचे हेही विचारावे. एवढी उत्तरे मिळाली की पॅरिस पाहायला मोकळ्या. जाऊबाईंसाठी एक अत्तराची कुपी आणावी म्हणजे झाले.

साखळी हा काही आपल्याला परका प्रकार नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची भक्तनिवासे पाहा. शेगावला उतरलेला माणूस पंढरपूरला गेला किंवा त्र्यंबकेश्वरला गेला, तरी तिथे संस्थानच्याच भक्तनिवासाची चौकशी आधी करतो. स्वच्छता कशी, शिस्त कशी, हे त्याला घरूनच ठाऊक असते. त्याच्याही आधी, आमच्या आजोबांच्या वेळी, पंढरपूरला उतरायचे कुठे हा प्रश्नच पडत नसे. प्रत्येक घराण्याचा उपाध्या ठरलेला. त्याच्या वहीत तुमच्या पणजोबांचे नाव. तुम्ही नाव-गाव सांगितले, की तो तुम्हांला तुमचीच चार पिढ्यांची नावे वाचून दाखवी आणि माडीवरची खोली उघडून देई. ढेकूण असत, पण परकेपणा नसे.

आता पुण्याच्या गृहस्थांकडे वळतो. पंढरपूरची भीमा वरच्या अंगाला माढा तालुक्यात जिथे अडवली आहे, तेच उजनी. इथे उत्तर पॅरिसच्या नेमके उलट आहे, आणि ते का, हे सांगायला थोडे पाण्यात शिरावे लागेल.

माझे आजोळ करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठचे. आज ते गाव नकाशावर आहे, पण दुसऱ्याच जागी. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि मूळ गाव पाण्याखाली गेले. भिंत भीमानगरपाशी, टेंभुर्णीजवळ. फुगवटा मात्र करमाळा आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या मधोमध थेट भिगवणच्याही वर पसरलेला. एका काठावर सोलापूर जिल्हा, समोरच्या काठावर पुणे जिल्हा. सरकारी कागदावर या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. आमची मामी त्याला नुसते ‘पाणी’ म्हणायची. ‘पाणी आलं तवा’ म्हणजे गाव उठले तेव्हा.

हे पाणी एके जागी राहत नाही. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा म्हणून धरलेले आणि उरलेले साधारण ५३ टीएमसी उपयुक्त. म्हणून सोलापूरच्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात धरण ‘उणे’ होते. परगावच्या वाचकाला वाटते, छपाईची चूक. तसे नसते, उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, की टक्केवारी शून्याच्या खाली मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती जवळजवळ उणे साठपर्यंत गेली होती. पाणी असे खाली गेले, की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि माणसे चिखल तुडवीत दर्शनाला जातात.

म्हणजे ‘काठावरची खोली’ ही उजनीला फार फसवी चीज आहे. दिवाळीत पाऊस नुकताच सरलेला असतो. चांगल्या सालात धरण काठोकाठ असते, आणि तुमच्या ओसरीपासून पाणी शंभर पावलांवर असते. त्याच ओसरीवरून एप्रिलमध्ये पाहाल तर समोर भेगाळलेली जमीन, तिच्यात कोणी काढलेले गाळपेराचे पीक, आणि पाणी लांबवर एक चमकती रेघ. फोटो मात्र बारा महिने दिवाळीतला दाखवतात.

आणि गंमत अशी, की रोहित हा पक्षी भरल्या धरणाचा नव्हेच! त्याला लागतो उथळ चिखल. लांब पाय रोवून, वाकडी चोच उलटी बुडवून तो त्यातले बारीक जीव गाळून खातो. पाणी उतरू लागले, दलदल उघडी पडली, की मग तो येतो. तेव्हा पुण्याच्या गृहस्थांनी दिवाळीत जावे, जरूर जावे. चक्रवाकाच्या जोड्या दिसतील, पाणकावळे पंख वाळवताना दिसतील, राखी बगळे दिसतील. रोहितांची आशा मुलांना लावू नये. जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंतचे दिवस त्यासाठी राखावेत. त्याच हंगामात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंबही काठच्या रानात चरताना भेटतात.

आता साखळीच्या पाटीचा हिशेब पाहा. तशा पाट्या सोलापूर शहरात आहेत आणि पुण्यात तर पैशाला पासरी. भिगवणहून पुणे शंभर किलोमीटर, सोलापूर दीडशे. पक्षी पाहायचे ते उजाडताना. म्हणजे गुबगुबीत बिछान्याचे भाडे भरायचे, पहाटे साडेतीनला त्यावरून उठायचे, पेंगत्या मुलांना मोटारीत कोंबायचे, आणि हॉटेलची फुकट न्याहारी तिथेच सोडून यायचे. पॅरिसात जे बघायचे ते दहा वाजता उघडते. उजनीला ते सकाळी नवाच्या सुमाराला बंद होते. ऊन चढते, वारा उठतो, पाणी हेलकावू लागते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे करमाळ्याच्या बाजूला एका मच्छीमाराच्या घरी उतरलो होतो. घर म्हणजे पुढे पत्र्याची पडवी, मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. सौ.ने आल्या-आल्या न्हाणीघर पाहून घेतले. ते अंगणापलीकडे होते, पण लख्ख होते. मी सवयीने हातातल्या घड्याळात गजर लावू लागलो, तर यजमान म्हणाले,

“काका, ऱ्हाऊ द्या ते. पाखरू हाललं की मीच उठवतो.”

आणि उठवले. बाहेर अजून काळोख. त्यांच्या कारभारणीने पितळीत चहा आणला आणि सौ.ला म्हणाली, “मावशी, शाल घ्या बरं. पाण्यावर गारठा लई.” अर्ध्या तासाने, होडीचे इंजिन बंद करून यजमान नुसत्या बांबूने ढकलत होते, तेव्हा समोरच्या करड्या पाण्यावर एक फिकट गुलाबी पट्टा दिसू लागला. पट्ट्याला माना फुटल्या. मग ती सगळी पलटण हळूहळू, एका दिशेने, चालू लागली. सौ. काही बोलली नाही. ती काही बोलत नाही असे क्वचितच होते.

शेजारच्या होडीतून एका तरुणाने ओरडून विचारले, “मामा, उडवून दाखवा की! फोटो मस्त येईल. शंभर जास्त देतो.” आमचे यजमान आमच्याकडे वळून हलकेच म्हणाले, “उडवली की उद्या हितं बसत न्हाईत. मग उद्याच्या पाव्हण्याला काय दावू?”

मला विचाराल तर उजनीकाठी घर निवडायची हीच कसोटी. फोन करताना सहज विचारावे, “पक्षी उडवून दाखवता का हो?” जो ‘हो’ म्हणेल त्याच्याकडे जाऊ नये.

दुसरी कसोटी अधिक गंभीर आहे. होडी कोणाची, चालवणार कोण, आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का? मुलांच्या मापाची आहेत का? २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून पलीकडे कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती बोट पक्षी पाहणाऱ्यांची नव्हती. रोजच्या कामाला नदीपार जाणाऱ्यांची होती. पुलाचा वळसा लांबचा, म्हणून काठची माणसे अशीच ये-जा करतात. तेव्हा जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवू नये, आणि वारा पाहून यजमान ‘आज नको’ म्हणाला तर रुसू नये. पैसे भरले आहेत म्हणून त्याला भरीस घालणारे पाहुणे मी पाहिले आहेत. साखळी-हॉटेलात नियमांचे बाड असते. इथे ते बाड त्या माणसाच्या डोक्यात असते, आणि ते शहाण्या पाहुण्याने मोडू नये.

बाकी विचारायचे ते पॅरिससारखेच, निर्भीडपणे विचारावे. कमोड आहे का, रात्री वीज गेली तर काय, मच्छरदाणी मिळेल का, गरम पाणी चुलीवरचे की बंबाचे. जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि चिलापीचा रस्सा मिळेल. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगावे. ही चिलापी मूळची आफ्रिकेतली, आता उजनीत ती इतकी माजली आहे, की जुने कोळी गावठी माशांच्या आठवणी काढत बसतात.

आणि घासाघीस करू नये. पॅरिसच्या काउंटरवर आपण छापील आकडा मुकाट्याने भरतो आणि कुंभारगाव-केत्तूरला आलो, की भाकरीच्या दरावरून वाद घालतो. या काठच्या पुष्कळ घरांची काळी जमीन त्या पाण्याखाली आहे. पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे हे तिथल्या काही घरांना चार पिढ्यांनी प्रथमच दिसलेले रोख उत्पन्न आहे, आणि तेही वर्षातले तीन-चार महिने. आमच्या यजमानांचा थोरला मुलगा आता दुर्बीण घेऊन पाहुण्यांबरोबर जातो आणि पक्ष्यांची इंग्रजी नावे घडाघडा सांगतो. तो पुण्याला नोकरीला जायचा होता, तूर्त थांबला आहे. पुढच्या दोन हंगामांत किती पाहुणे येतात, त्यावर त्याचे ठरायचे आहे.

पत्र आल्यावर मी त्यांनाच फोन लावला आणि पुण्याच्या गृहस्थांसाठी जानेवारीतली एखादी तारीख मागितली. ते म्हणाले, “तारीख कशी सांगू, काका? यंदा पाणी लई हाय. उतरलं की फोन करतो.”