दुसरी चावी कुठंय?

मंडळी, विषय किरकोळ वाटेल, पण वाचा. नवीन गाडी घेतली की शोरूममधून सहसा दोन चाव्या मिळतात. घरच्या गाडीची दुसरी चावी कपाटात जाते. पण घंटागाडीची, शाळेच्या बसची, एमआयडीसीतल्या कंपनीच्या गाडीची दुसरी चावी कुठं असते? सोडून गेलेल्या ड्रायव्हरकडे, साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर देव जाणे!

पूर्वी स्टँडजवळचा चावीवाला दहा मिनिटांत डुप्लिकेट करून द्यायचा. आता बऱ्याच गाड्यांच्या चावीत चिप असते. नुसत्या घासलेल्या चावीनं दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. नव्या चिपची नोंद गाडीत करून घ्यावी लागते. खर्च हजारांत, आणि तोवर गाडी उभी.

हा भुर्दंड बसतो कुणाला? अनेक ठिकाणी ड्रायव्हरच्या पगाराला कात्री लागते. हिशेब ठेवायचं काम ऑफिसचं, आणि दंड तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्याला. हे मला पटत नाही. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक नसली की क्लेम अडकलाच म्हणून समजा.

उपाय साधा आहे. दुसरी चावी ऑफिसात कुलपात ठेवा. देता-घेता रजिस्टरवर सही घ्या. ड्रायव्हर किंवा ठेकेदार बदलला की दोन्ही चाव्या मोजून घ्या. चिपची चावी हरवली तर तिची नोंद गाडीतून काढून टाका, म्हणजे सापडणाऱ्याला गाडी नेता येणार नाही.

एवढं करा, मग ड्रायव्हरला जाब विचारा. आणि नगरपालिकेच्या पुढच्या सभेत कुणीतरी एवढंच विचारा : आपल्या गाड्यांची दुसरी चावी कुठंय?