हातोडी ही शिक्षा नव्हे

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं "आतां पुढें काय?" हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो. त्याचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें: गुण बरे असले तर कॉलेज, कमी असले तर "जाऊं दे कारखान्यांत." या दुसऱ्या उत्तराविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, कारण त्यांत आम्हां शिक्षकांचाही अपराध आहे. "अभ्यास कर, नाहीं तर हातीं हातोडी येईल," असें आम्हींही वर्गांत अनेकदां म्हटलें आहे. हातोडी ही शिक्षा आहे, हें मुलें आमच्याकडूनच शिकलीं, याची आज आम्हांस लाज वाटते.

फिटरचेंच काम पाहा. नवशिक्याच्या हातीं प्रथम लोखंडाचा ठोकळा व कानस देतात. त्याची कानस खालींवर डोलते आणि पृष्ठभाग सपाट होण्याऐवजीं मध्यें फुगतो. गुण्या लावला असतां फटींतून उजेड दिसेनासा होईपर्यंत त्यास तेंच काम पुनःपुन्हां करावें लागतें. पुढें मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजावयाचें असतें. तेथें दशांश अपूर्णांक व भूमिति यांवांचून पाऊल पुढें पडत नाहीं. तेव्हां ज्यास अभ्यास नको त्यानें हातकाम धरावें, ही समजूत अगदीं चुकीची आहे.

कित्येक पालकांनीं आयुष्यभर अंगमेहनत केलेली असते. आपलें मूल तरी खुर्चीवर बसावें, ही त्यांची इच्छा आम्ही समजूं शकतों. परंतु ओझीं वाहणें निराळें आणि कसब निराळें. कसब ज्याचें त्याजपाशीं राहतें. तें कोणी काढून घेऊं शकत नाहीं.

मग आरंभ कसा करावा? प्रथम सुटींत परवानगी घेऊन एखाद्या कारखान्यांत कांहीं दिवस काम नुसतें पाहावें. दिवसभर उभें राहणें, आवाज व तेलकट हात हें आपणांस मानवतें कीं नाहीं, हें तेथें कळतें. नंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत प्रवेश घ्यावा. दहावीनंतर फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तो संपल्यावर कारखान्यांत उमेदवारी करावी. हा मार्ग मुलींसही तितकाच मोकळा आहे.

पालकांनीं उमेदवारीचा १९६१ चा कायदा समजून घ्यावा. उमेदवार निदान चौदा वर्षांचा, आणि धोक्याच्या धंद्यांत अठरा वर्षांचा असावा लागतो. लेखी करार होतो व त्याची नोंदणी होते. उमेदवार अज्ञान असल्यास पालकाची सही लागते. मुदतींत विद्यावेतन मिळतें. मात्र पुढें नोकरी देण्यास मालक सहसा बांधलेला नसतो. म्हणून सही करण्यापूर्वीं करार पूर्ण वाचावा, आणि कोणतें काम, कोणाच्या हाताखालीं शिकवणार, हें विचारावें. वर्षभर चहा आणणें व झाडलोट करणें ही उमेदवारी नव्हे. उमेदवारानेंही रोज काय शिकलों, काय बिघडविलें, हें वहींत लिहून ठेवावें.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यांपैकीं कोणी हा मार्ग धरल्यास मान खालीं घालून शाळेचा निरोप घेऊं नका. पहिला सपाट ठोकळा साधला, म्हणजे तो आम्हांस दाखविण्यास अवश्य आणा. गुण्या लावून आम्ही तो पाहूं, आणि आमचें तें जुनें वाक्य तुमच्यासमोर परत घेऊं.